बहुगुणित पिकांतील हॅप्लोटाइप कसे ओळखावेत: बटाट्याच्या आधारे नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

ग्वाल्हेरच्या परिसरात ऑक्टोबरपासून बटाट्याची लागवड सुरू होते आणि थंडी पडेपर्यंत रोपांना डीएनए काढण्याजोगी कोवळी पाने आलेली असतात. केंद्रीय आलू संशोधन संस्थेचे प्रादेशिक केंद्र या शहरात आहे, आणि राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विश्वविद्यालयही २००८ पासून येथेच आहे; त्यामुळे लष्कर भागातील मराठी घरांतून वनस्पती-प्रजननाकडे वळलेले विद्यार्थी दरवर्षी भेटतात. त्यांच्यापैकी बहुतेकांनी आनुवंशिक विश्लेषणाचे पहिले धडे हरभऱ्यावर किंवा भातावर गिरवलेले असतात, आणि तीच रीत बटाट्यासारख्या बहुगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे दोनहून अधिक संच असलेल्या, पिकाला लावून पाहिल्यावर ते गोंधळून जातात. हा लेख त्यांच्यासाठी आहे. तो वाचण्यासाठी मेंडेलचे नियम आणि साधी संभाव्यता येत असणे पुरेसे आहे.

हॅप्लोटाइप कशासाठी शोधायचा

एखाद्या घरात एकाच पोथीच्या चार हस्तलिखित प्रती आहेत असे समजावे. कोणी आपल्याला सांगितले की पहिल्या ओवीतील एक पाठभेद दोन प्रतींत आहे आणि पाचव्या ओवीतील दुसरा पाठभेदही दोनच प्रतींत आहे, तर आपल्याला पाठभेदांची संख्या कळली. परंतु ते दोन्ही पाठभेद त्याच दोन प्रतींत आहेत की वेगवेगळ्या, हे मात्र कळले नाही. बटाट्याच्या पेशीत १२ गुणसूत्रांचे चार संच, म्हणजे एकूण ४८ गुणसूत्रे असतात. मार्कर म्हणजे डीएनएमधील अशी ठरावीक जागा, जिथे प्रतींत फरक, म्हणजे पाठभेद, असू शकतो. मार्करची चाचणी आपल्याला प्रत्येक जागी फक्त पाठभेदांची संख्या देते. एकाच गुणसूत्रावर, एकाच प्रतीत, कोणते पाठभेद ओळीने बसलेले आहेत ती ओळ म्हणजे हॅप्लोटाइप, आणि संख्यांवरून ती ओळ शोधून काढण्याला फेजिंग म्हणतात.

प्रजननात याला महत्त्व का आहे, हे बटाट्याच्या वाय विषाणूविरुद्धच्या रोगप्रतिकाराच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. या विषाणूला रोखणारे आरवाय-एडीजी हे जनुक ११व्या गुणसूत्रावर आहे. ज्या झाडाच्या चारपैकी एकाच प्रतीत ते आहे, त्याचा संकर जनुक नसलेल्या झाडाशी केला तर निम्मी संतती रोगप्रतिकारक निघते; दोन प्रतींत असेल तर सहापैकी पाच, आणि तीन प्रतींत असेल तर जवळजवळ सगळी. म्हणून जनकात हे जनुक किती प्रतींत आहे, आणि त्याच प्रतीवर शेजारी आणखी कोणते नको असलेले जनुक चिकटून आले आहे, हे दोन्ही जाणून घेणे आवश्यक असते. एकेकट्या मार्करवरून हे कळत नाही, कारण तोच एक पाठभेद जनुक असलेल्या प्रतीवर आणि नसलेल्या प्रतीवरही असू शकतो. शेजारच्या अनेक मार्करांची ओळ मात्र त्या विशिष्ट प्रतीची ओळख पटवते.

सर्वांत आधी वारशाची रीत निश्चित करावी

बहुगुणित पिके दोन प्रकारची असतात आणि त्यांच्यासाठी कामाची दिशा वेगवेगळी असते. बटाट्यात चारही प्रती एकमेकींशी जोडी करू शकतात, म्हणून तो स्वबहुगुणित मानला जातो. गहू ६ संचांचा आणि ४२ गुणसूत्रांचा, माळव्यातील कठीण गहू ४ संचांचा आणि २८ गुणसूत्रांचा, तर अमेरिकन कापूस ४ संचांचा आणि ५२ गुणसूत्रांचा. परंतु ही पिके वेगवेगळ्या पूर्वज जातींच्या मीलनातून झालेली असल्यामुळे त्यांच्यात प्रत्येक उपजीनोमची, म्हणजे एकेका पूर्वजाकडून आलेल्या भागाची, गुणसूत्रे आपल्याच जोडीदाराशी जुळतात. अशा पिकांत पहिले काम म्हणजे कोणता मार्कर कोणत्या उपजीनोमचा आहे ते वेगळे करणे. ते नीट झाले की पुढचे फेजिंग हरभऱ्यासारखेच होते. येथे एक खूण लक्षात ठेवावी: संग्रहातील प्रत्येक झाड एखाद्या मार्करला अर्धे-अर्धे दिसत असेल, तर तो बहुधा खरा पाठभेद नसून दोन उपजीनोमांतील कायमचा फरक असतो, आणि तो मार्कर सोडून द्यावा. उसाने मात्र सुरुवात करू नये. त्याच्या लागवडीतील जातींत १०० हून अधिक गुणसूत्रे असतात आणि प्रतींची संख्या जागोजागी बदलते.

यापुढील सर्व विवेचन बटाट्याचे, म्हणजे स्वचतुर्गुणित पिकाचे आहे.

मात्रा: येथे जितका वेळ जाईल तितका थोडाच

चार प्रतींपैकी किती प्रतींत पाठभेद आहे, त्या संख्येला मात्रा किंवा डोसेज म्हणतात. ती ० ते ४ असू शकते आणि या पाच अवस्थांना अनुक्रमे नलिप्लेक्स, सिंप्लेक्स, ड्युप्लेक्स, ट्रिप्लेक्स आणि क्वाड्रुप्लेक्स अशी नावे आहेत. द्विगुणित, म्हणजे दोनच संच असलेल्या, पिकात झाड विषमयुग्मी आहे एवढे कळले की काम भागते. बटाट्यात मात्र विषमयुग्मी म्हणजे १, २ की ३ हे सांगावे लागते, आणि चुकांचे मूळ याच जागी असते. माझ्या अनुभवात फेजिंगच्या नावाने ज्या चुका सांगितल्या जातात, त्यांतील बहुसंख्य चुका प्रत्यक्षात मात्रा ठरवतानाच झालेल्या असतात, आणि पुढचे कोणतेही हुशार गणित त्या भरून काढू शकत नाही.

सिक्वेन्सिंगमधून आलेल्या रीडवरून, म्हणजे वाचलेल्या डीएनए-तुकड्यांवरून, मात्रा काढायची असेल तर साधा हिशेब करून पाहावा. एका जागेवर २० रीड मिळाले, तर सिंप्लेक्स झाडात पाठभेदाचे सरासरी ५ आणि ड्युप्लेक्स झाडात १० रीड अपेक्षित असतात. परंतु केवळ योगायोगाने होणारा चढउतार दोन्हीकडे सुमारे २ रीडचा असतो. त्यामुळे ७ किंवा ८ रीड दिसले तर झाड कोणत्या गटातले, हे कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. तेच ६० रीड मिळाले, तर अपेक्षा १५ आणि ३० अशी होते आणि चढउतार ३ ते ४ रीडचाच राहतो. दोन्ही गट बऱ्यापैकी वेगळे पडतात. शिवाय संदर्भ जीनोमशी, म्हणजे तुलनेसाठी वापरल्या जाणाऱ्या आधीच वाचलेल्या जीनोमशी, जुळणारे रीड अधिक सहज बसतात आणि पाठभेदाचे थोडे कमी, हा कलही असतोच. म्हणून थोड्या झाडांचे सखोल सिक्वेन्सिंग आणि पुष्कळ झाडांचे उथळ सिक्वेन्सिंग यांतून निवड करायची वेळ आली, तर नवशिक्याने पहिला पर्याय घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्रा ठरवण्यासाठी अपडॉग आणि फिटपॉली ही आर भाषेतील साधने प्रचलित आहेत. पहिले रीडच्या संख्यांसाठी, तर दुसरे स्निप चिपवरील (डीएनएच्या एकेका अक्षरातील फरक तपासणाऱ्या चिपवरील) प्रकाशमानाच्या मोजणीसाठी अधिक सोयीचे आहे. साधन कोणतेही असो, त्याच्याकडून फक्त एक आकडा न घेता पाचही मात्रांच्या संभाव्यता घ्याव्यात. एखाद्या झाडाची मात्रा १ असण्याची संभाव्यता ०.५५ आणि २ असण्याची ०.४५ असेल, तर ते झाड सिंप्लेक्स आहे असे लिहून टाकणे म्हणजे माहिती फेकून देणे होय. ही अनिश्चितता पुढच्या पायरीपर्यंत तशीच पोहोचवावी.

यानंतर कुटुंबाच्या वारशाशी मात्रा ताडून पाहाव्यात. सिंप्लेक्स आणि नलिप्लेक्स यांच्या संततीत १:१, ड्युप्लेक्स आणि नलिप्लेक्स यांच्या संततीत १:४:१, दोन सिंप्लेक्स जनकांच्या संततीत १:२:१ आणि ड्युप्लेक्स झाडाच्या स्वपरागणातून १:८:१८:८:१ अशी प्रमाणे अपेक्षित असतात. जो मार्कर या प्रमाणांपासून फार दूर जातो, तो बाजूला ठेवावा. याच टप्प्यावर झाडांचीही तपासणी करावी. बटाट्याला मैदानी भागातील हिवाळ्याच्या लहान दिवसांत नीट फुले येत नाहीत, त्यामुळे संकर सहसा डोंगराळ भागात होतात आणि कंद किंवा बी तेथून खाली येते; आपल्या अनेक जातींच्या नावांआधी लागणारा कुफरी हा शब्द शिमल्याजवळच्या त्या गावाचाच आहे. या लांबच्या प्रवासात लेबले बदलू शकतात आणि स्वपरागणाची रोपे संकराची म्हणून मिसळू शकतात. सुरुवातीच्या काळात मी स्वतः अशा एका कुटुंबावर कित्येक आठवडे घालवले, ज्यातील काही रोपांत पित्याचा एकही खास पाठभेद नव्हता. ही तपासणी मी आधी केली असती तर एका दुपारीच ती रोपे सापडली असती.

दोन मार्कर, कागद आणि पेन्सिल

संगणकाकडे वळण्यापूर्वी एक उदाहरण हाताने सोडवावे, असा माझा आग्रह असतो. एका जनकात अ आणि ब हे जवळजवळचे दोन मार्कर दोन्ही ड्युप्लेक्स आहेत. पाठभेद असेल तेथे १ आणि नसेल तेथे ० लिहिले, तर चार प्रतींची मांडणी तीनच प्रकारे होऊ शकते. पहिल्या मांडणीत ११, ११, ००, ०० अशा प्रती असतील. दुसरीत ११, १०, ०१, ००. आणि तिसरीत १०, १०, ०१, ०१. तिन्ही मांडण्यांत त्या झाडाची मोजणी अगदी एकसारखी, म्हणजे २ आणि २ अशीच येईल. त्या एकट्या झाडाकडे कितीही बारकाईने पाहिले तरी मात्रांवरून उत्तर मिळणार नाही.

मार्करांची संख्या वाढली की पर्याय किती वेगाने वाढतात, हेही पाहून ठेवावे. सगळे मार्कर ड्युप्लेक्स असतील, तर दोन मार्करांना ३, तीन मार्करांना १२, चारांना ६० आणि पाचांना ३३६ मांडण्या शक्य असतात. द्विगुणित झाडात पाच विषमयुग्मी मार्करांना केवळ १६ मांडण्या असतात. हरभऱ्यावर शिकलेली रीत बटाट्यावर का अडखळते, याचे कारण या आकड्यांत आहे.

आता त्या जनकाचा संकर अशा झाडाशी करू, ज्यात दोन्ही मार्कर नलिप्लेक्स आहेत, म्हणजे संततीत दिसणारे सगळे काही आपल्या जनकाकडूनच आलेले असेल. जनकाच्या युग्मकात चारपैकी दोन प्रती जातात आणि अशा जोड्या सहा होतात. पहिल्या मांडणीत या सहांपैकी एका जोडीतून २ आणि २, चारांतून १ आणि १, व एकीतून ० आणि ० अशा मात्रांची संतती मिळते. दुसऱ्या मांडणीत १ आणि १ ही मात्रा फक्त दोन जोड्यांतून येते, आणि उरलेल्या चार जोड्या अनुक्रमे २ आणि १, १ आणि २, १ आणि ०, ० आणि १ अशा चार वेगळ्या मात्रा देतात. तिसऱ्या मांडणीत एका जोडीतून २ आणि ०, चारांतून १ आणि १, व एकीतून ० आणि २ मिळते. संततीची १२० झाडे असतील, तर पहिल्या मांडणीत १ आणि १ या मात्रांची ८० झाडे अपेक्षित आहेत, दुसरीत ४०, आणि तिसरीत पुन्हा ८०. परंतु पहिली आणि तिसरी यांच्या टोकाच्या झाडांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हे उदाहरण दोन गोष्टी शिकवते. पहिली अशी की अ मार्कर एकटा पाहिला तर तिन्ही मांडण्यांत १:४:१ हेच प्रमाण दिसते. फरक दिसतो तो दोन्ही मार्कर एकत्र मांडल्यावरच. दुसरी अशी की निर्णय टोकाच्या थोड्या झाडांवर अवलंबून असतो, आणि नेमक्या त्याच झाडांची मात्रा चुकली तर निष्कर्ष उलटतो. पहिली मांडणी खरी असताना एका झाडाची २ आणि २ ही मात्रा चुकून २ आणि १ अशी वाचली गेली, तर दुसऱ्या मांडणीचा खोटा पुरावा तयार होतो. म्हणूनच वर मात्रेच्या पायरीवर इतका भर दिला आहे.

सिंप्लेक्स मार्करांच्या बाबतीतही एक अडचण सांगणे आवश्यक आहे. दोन सिंप्लेक्स मार्कर एकाच प्रतीवर असतील, तर १२० पैकी सुमारे ६० झाडांत दोन्ही आणि ६० झाडांत एकही नाही, असे स्वच्छ चित्र दिसते. ते वेगवेगळ्या प्रतींवर असतील, तर दोन्ही, फक्त पहिला, फक्त दुसरा, एकही नाही अशी २०, ४०, ४०, २० झाडे मिळतात. आणि ते मार्कर एकमेकांपासून पूर्णपणे दूर, असंबद्ध असतील तर चारही गटांत ३०-३०. शेवटच्या दोन चित्रांत फरक आहे, परंतु तो लहान आहे, आणि छोट्या कुटुंबात तो योगायोगाने सहज झाकला जातो. त्यामुळे एकाच प्रतीवरील मार्कर आधी एकत्र बांधावेत, आणि वेगवेगळ्या प्रतींचे गट एकमेकांशी जोडण्यासाठी ड्युप्लेक्स किंवा दोन्ही जनकांत असलेल्या मार्करांचा पुलासारखा उपयोग करावा.

पूर्ण गुणसूत्रापर्यंत

हाच विचार शेकडो मार्करांवर करणारी साधने म्हणजे मॅपपॉली, पॉलीमॅपआर आणि पॉलीओरिजिन. त्यांच्या मागचे तर्कशास्त्र वरच्या उदाहरणापेक्षा वेगळे नाही. दोन्ही जनकांकडून सहा-सहा जोड्या शक्य असल्यामुळे संततीतील प्रत्येक झाड गुणसूत्राच्या प्रत्येक जागी ३६ अवस्थांपैकी एका अवस्थेत असते, आणि शेजारच्या जागेकडे जाताना पुनर्संयोजन, म्हणजे प्रतींमध्ये तुकड्यांची अदलाबदल, झाले तरच ती अवस्था बदलते. यांतील काही साधनांत हिडन मार्कोव्ह मॉडेल (थेट न दिसणाऱ्या अवस्था ओळीने कशा बदलतात याचे संभाव्यतेचे गणित) या बदलांचा हिशेब ठेवते, आणि मात्रांच्या संभाव्यता थेट स्वीकारणारी साधने असतील तर त्याच द्याव्यात. नवशिक्याने एकदम बाराही गुणसूत्रे न घेता एकच घ्यावे, त्यातील सुमारे पन्नास खात्रीचे मार्कर निवडावेत आणि ते चांगले जमल्यावरच बाकीचे मार्कर आत सोडावेत.

येथे दुहेरी न्यूनीकरण समजून घ्यावे लागते. चार गुणसूत्रे एकत्र गुंतली तर कधीकधी एकाच प्रतीचे दोन भगिनी तुकडे एकाच युग्मकात पोहोचतात, आणि सिंप्लेक्स व नलिप्लेक्स यांच्या संततीत अशक्य वाटणारे ड्युप्लेक्स झाड दिसते. ही घटना गुणसूत्रबिंदूजवळ जवळजवळ होत नाही आणि टोकाकडे वाढत जाते. चतुर्गुणितात तिचे सैद्धांतिक कमाल प्रमाण १/६ आहे. म्हणून असे झाड दिसताच ते चूक म्हणून काढू नये. त्याच झाडात टोकाकडील सलग अनेक मार्कर तसेच वागत असतील, तर ते बहुधा दुहेरी न्यूनीकरण आहे. एकटाच मार्कर तसा वागत असेल, तर बहुधा मात्रेची चूक आहे.

कुटुंब नसेल तर

फक्त एकच झाड हाती असेल, तर रीडकडेच वळावे लागते, कारण एक रीड एकाच प्रतीवरून आलेला असतो आणि त्याच्यावरील सर्व पाठभेद आपोआप फेज झालेले असतात. १५० अक्षरांच्या लहान रीडवर दोन-चार मार्करच बसतात. १५-२० हजार अक्षरांचे अचूक लांब रीड बरेच पुढे नेतात. द्विगुणितासाठी कमीत कमी दुरुस्त्या करून रीडचे गट पाडणे हा निकष चालतो, परंतु चतुर्गुणितात तो फसवतो. एखाद्या भागात चारपैकी दोन प्रती तंतोतंत सारख्या असतील, तर हा निकष त्या दोघींना एकच समजून उरलेल्या जागी रीडच्या चुकांपासून एक बनावट प्रत तयार करू शकतो. अशा भागात सारख्या प्रतींच्या गटात दुप्पट रीड आहेत की नाहीत, हे पाहणे हाच उपाय आहे, आणि व्हॉट्सहॅप पॉलीफेज हे साधन नेमके रीडच्या या दाटीचाही विचार करते. हा अपवादात्मक प्रसंग समजू नये: २०२२ मध्ये ओटाव्हा या चतुर्गुणित जातीच्या चारही प्रती शेकडो परागकणांच्या सिक्वेन्सिंगच्या मदतीने सुट्या करण्यात आल्या, तेव्हा जीनोमचा जवळजवळ निम्मा भाग किमान एका दुसऱ्या प्रतीशी सामायिक असल्याचे दिसले.

नाते नसलेल्या जातींच्या संग्रहावरून हॅप्लोटाइपांची वारंवारता काढण्याच्या पद्धतीही आहेत, परंतु त्यांना यादृच्छिक मीलन गृहीत धरावे लागते. बटाट्याच्या लागवडीतील जातींच्या वंशावळींत तेच पूर्वज पुन्हा पुन्हा येत असल्यामुळे ते गृहीतक डळमळीत असते. पाच मार्करांहून मोठ्या खंडासाठी ही पद्धत वापरण्याचा सल्ला मी देत नाही.

तपासणी

खऱ्या माहितीवर काम करण्याआधी पेडिग्रीसिमसारख्या साधनाने बनावट कुटुंब तयार करावे, ज्यातील हॅप्लोटाइप आपल्याला ठाऊक आहेत. त्यावर आपलीच कार्यपद्धती चालवावी आणि आपल्या प्रत्यक्ष माहितीइतक्याच मात्रेच्या चुका मिसळून किती प्रती बरोबर सापडतात ते मोजावे. प्रत्यक्ष माहितीत काही मार्कर मुद्दाम झाकून, सापडलेल्या हॅप्लोटाइपांवरून त्यांच्या मात्रा परत सांगता येतात का, हेही पाहावे. संततीतील एखाद्या झाडात एकाच गुणसूत्रावर आठ-दहा पुनर्संयोजने दिसू लागली, तर ते झाड विलक्षण नसून मार्करांचा क्रम किंवा मात्रा बिघडली आहे, असे समजून मागे जावे.

काही खंडांत शेवटपर्यंत दोन मांडण्या टिकून राहतील. त्यांतील एक निवडून तक्ता स्वच्छ करण्याचा मोह आवरावा. दोन्ही मांडण्या त्यांच्या संभाव्यतांसह नोंदवाव्यात, आणि रीडच्या मूळ संख्या, मात्रांच्या संभाव्यता व कंदांच्या लेबलांची यादी एकत्र जपून ठेवावी. शीतगृहात त्याच संकराचे न तपासलेले कंद उरले असतील, तर पुढच्या ऑक्टोबरात त्यांतील वीस-तीस लावून, वादग्रस्त खंडातील मोजक्याच मार्करांची त्यांच्या पानांवर सखोल तपासणी करावी. वरच्या उदाहरणातील टोकाची झाडे त्यांत निघाली, तर जुन्या संख्यांशी ती जोडून तो खंड सुटू शकतो.